संगणकाची नोंदवही आणि ग्रामस्थांचा अंगठा

बीदर जिल्ह्यातील औराद, भालकी व बसवकल्याण आणि कलबुर्गी जिल्ह्यातील आळंद या सीमेलगतच्या तालुक्यांत घरची भाषा एक आणि कचेरीची भाषा दुसरी असणे ही काही नवी गोष्ट नाही. निजामाच्या अमदानीत कचेरीचा कारभार उर्दूतून चाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना होऊन तत्कालीन हैदराबाद राज्यातील हा प्रदेश म्हैसूर राज्यात समाविष्ट झाला आणि कारभाराची भाषा कन्नड झाली. मराठी बोलणाऱ्या ग्रामस्थांनी हे दोन्ही बदल पचविले. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत मात्र संगणकाच्या पडद्यावरून तिसरी एक भाषा गावात आली आहे. ती इंग्रजी आहे, तुटक आहे आणि पुष्कळदा केवळ आकड्यांतच बोलते. तिच्यातील एखादा संकेत न उमगल्यामुळे वृद्ध माणसाला निवृत्तिवेतनाविना किंवा गृहिणीला धान्याविना परतावे लागते. म्हणूनच या भाषेची थोडीफार ओळख करून घेणे अगत्याचे झाले आहे.

स्वस्त धान्याची उचल, निवृत्तिवेतनधारकाचा हयातीचा दाखला, बँक प्रतिनिधीकडून पैसे काढणे अशा अनेक कामांसाठी आज अंगठ्याची खूण यंत्रावर द्यावी लागते. ‘जीवन प्रमाण’ या नावाने हयातीचा दाखला संगणकाद्वारे देण्याची केंद्र सरकारची योजना १० नोव्हेंबर २०१४ रोजी सुरू झाली. कर्नाटकात तर त्याच्याही आधी, २००१ च्या सुमारास, ‘भूमी’ प्रकल्पात जमिनीच्या पहाणीपत्रकांचे संगणकीकरण करताना कर्मचाऱ्यांची ओळख बोटांच्या ठशांवरून पटविण्याची सोय करण्यात आली होती. अशा रीतीने अंगठा आणि संगणक यांची सांगड पडून बराच काळ लोटला आहे.

व्यवहार अडला म्हणजे समोरच्या माणसाला बहुधा एकच उत्तर मिळते : “तुमचा अंगठा उठत नाही, उद्या या.” वस्तुतः या एका वाक्याआड दोन अगदी निराळी कारणे दडलेली असतात. पहिल्या प्रकारात यंत्राने ठसा घेतलेला असतो, परंतु तो मूळ नोंदीशी जुळलेला नसतो. दुसऱ्या प्रकारात ठसा घेणारे यंत्र संगणकाला मुळी ओळखूच आलेले नसते. अशा वेळी अंगठा कितीही धुतला, पुसला, दाबला तरी उपयोग नाही. कारण तो कोणी पाहिलेलाच नसतो. या दोहोंतील भेद संगणकाला नेमका ठाऊक असतो, आणि तो विचारणाऱ्याला सांगण्याची सोयही त्यात असते. ही सोय कशी चालते, ते या लेखात पाहावयाचे आहे.

एक खाच, अनेक यंत्रे

संगणकाला कळफलक, छपाई यंत्र, ठसे घेणारे यंत्र, पेन ड्राइव्ह अशी नानाविध उपकरणे जोडता येतात. पूर्वी जवळजवळ प्रत्येक उपकरणासाठी निराळ्या घाटाची खाच असे आणि नवे उपकरण जोडल्यावर संगणक बंद करून पुन्हा चालू करावा लागे. ही अडचण दूर करण्यासाठी इंटेल, मायक्रोसॉफ्ट, आयबीएम, कॉम्पॅक, एनईसी, नॉर्टेल आणि डिजिटल इक्विपमेंट या सात कंपन्या एकत्र आल्या. त्यांनी ठरविलेल्या जोडणीच्या सामाईक पद्धतीचे पहिले प्रमाणपत्रक जानेवारी १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. हीच यूएसबी होय. या कामात पुढाकार घेणारे इंटेलमधील अभियंते अजय भट्ट हे भारतीय वंशाचे असून त्यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण वडोदऱ्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात झाले आहे, हे आपल्या वाचकांना सांगण्याजोगे आहे.

खाच सर्वांना एकच झाली, तेव्हा साहजिकच एक नवा प्रश्न उभा राहिला. समोर येऊन बसलेले यंत्र कोणते, हे आता खाचेच्या आकारावरून कळेनासे झाले. म्हणून यंत्राने आपली ओळख स्वतःच सांगावी, असा नियम करण्यात आला.

धर्मशाळेतील पाहुणा

गाणगापूर येथे दत्तदर्शनासाठी महाराष्ट्रातून आणि सीमाभागातून असंख्य भाविक जातात. तेथील एखाद्या धर्मशाळेत उतरणाऱ्या यात्रेकरूचे उदाहरण घेतले, म्हणजे हा नियम चटकन ध्यानात येईल. यात्रेकरू दाराची कडी वाजवितो. व्यवस्थापक त्याला नाव, गाव व येण्याचे कारण विचारतो, ते नोंदवहीत लिहून घेतो आणि खोलीचा क्रमांक देतो. पुढे कोणी चौकशीला आले, तर व्यवस्थापक खोल्या धुंडाळीत बसत नाही. नोंदवही उघडून उत्तर देतो.

संगणकातील धर्मशाळेचा व्यवस्थापक म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, अर्थात संगणकाची कार्यप्रणाली. विंडोज, लिनक्स आणि मोबाईल फोनवरील अँड्रॉइड ही तिची परिचित रूपे होत. यूएसबी यंत्र खाचेत बसताच ते दोन संदेशवाहक तारांपैकी एकीवरील विद्युतदाब वाढविते. कडी वाजते ती अशी. त्यानंतर ऑपरेटिंग सिस्टिम त्या यंत्राशी शून्य क्रमांकाच्या पत्त्यावर बोलते, कारण नवागत यंत्राचा पत्ता नेहमी शून्य मानला जातो. मग त्याला १ ते १२७ यांपैकी एक पत्ता देण्यात येतो आणि त्याचे वर्णनपत्र मागविले जाते.

हे मुख्य वर्णनपत्र केवळ १८ बाइटांचे, म्हणजे अठरा अक्षरे मावतील एवढ्या जागेचे असते. तेवढ्यात पुष्कळ माहिती बसविलेली असते. यंत्र बनविणाऱ्या कंपनीचा क्रमांक, त्या कंपनीच्या त्या नमुन्याचा क्रमांक, यंत्राचा वर्ग आणि असल्यास त्या एकाच नगाचा अनुक्रमांक कोठे वाचावा याची खूण, या त्यातील महत्त्वाच्या बाबी होत. उत्पादक क्रमांक कंपनीने मनाने घ्यावयाचा नसतो. यूएसबीची व्यवस्था पाहणारी संस्था तो नेमून देते. वर्गाचे क्रमांकही ठरलेले आहेत. कळफलक व माऊस यांचा वर्ग ३, छपाई यंत्राचा ७, पेन ड्राइव्हचा ८. ज्याचे कामकाज कोणत्याही ठराविक वर्गात बसत नाही, त्याने २५५ हा क्रमांक सांगावा, असा संकेत आहे. ठसे घेणारी अनेक यंत्रे या शेवटच्या वर्गात मोडतात.

वर्गाला महत्त्व अशासाठी की, कळफलक किंवा पेन ड्राइव्ह चालविण्याची रीत ऑपरेटिंग सिस्टिमला आधीच अवगत असते. २५५ वर्गाच्या यंत्राची रीत मात्र कंपनीने पुरविलेल्या स्वतंत्र आज्ञावलीतून तिला शिकवावी लागते. या आज्ञावलीला ड्रायव्हर म्हणतात. माऊस जोडताच चालतो आणि ठशांचे यंत्र जोडूनही चालत नाही, याचे कारण पुष्कळदा एवढेच असते.

नोंदवही कोण वाचतो?

वर्णनपत्र मिळाले, की ऑपरेटिंग सिस्टिम ते आपल्या नोंदवहीत उतरविते. ही नोंदवही गुप्त नसते. संगणकावर चालणारी कोणतीही लहानशी आज्ञावली ती वाचू शकते. अशा लहान आज्ञावलीला स्क्रिप्ट म्हणतात. स्क्रिप्ट म्हणजे क्रमाने पाळावयाच्या आज्ञांची साध्या अक्षरांत लिहिलेली यादी. ती पाच ओळींची असू शकते आणि शाळेतील हुशार विद्यार्थीही ती लिहू शकतो.

लिनक्समध्ये ही नोंदवही फाइलींच्या रूपात मांडलेली असते. डिसेंबर २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लिनक्सच्या २.६ या आवृत्तीपासून ही रचना रूढ झाली. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेने विकसित केलेली ‘बॉस’ ही भारतीय प्रणाली लिनक्सवरच आधारलेली असल्याने तिच्यातही हीच रचना आढळते. ‘सिस’ नावाच्या कप्प्यात ‘बस’, त्यात ‘यूएसबी’ आणि त्यात ‘डिव्हायसेस’ असा मार्ग आहे. तेथे जोडलेल्या प्रत्येक यंत्रासाठी एक कप्पा असतो. कप्प्याच्या नावावरून यंत्र कोणत्या खाचेत आहे ते कळते. उदाहरणार्थ, ‘१-१.४’ याचा अर्थ पहिल्या मार्गिकेवरील पहिल्या खाचेला जोडलेल्या हबची चौथी खाच. कप्प्यात उत्पादक क्रमांकाची एक फाइल, नमुना क्रमांकाची दुसरी, यंत्राच्या नावाची तिसरी, अनुक्रमांकाची चौथी अशी मांडणी असते. प्रत्येक फाइलीत एकच गोष्ट लिहिलेली असल्याने ती वाचणे चिठ्ठी उघडण्याइतके सोपे होते. स्क्रिप्टने सर्व कप्पे क्रमाने पाहावे, उत्पादक क्रमांक आपल्या यंत्राच्या क्रमांकाशी ताडून पाहावा आणि जुळल्यास ‘यंत्र जोडलेले आहे’, न जुळल्यास ‘यंत्र आढळत नाही’ असे पडद्यावर लिहावे. हे वाक्य मराठीत लिहावे, की कन्नडमध्ये, की दोन्ही भाषांत, हे स्क्रिप्ट लिहिणाऱ्याच्या हाती आहे.

विंडोजची रीत निराळी आहे. तेथे नोंदी एका मध्यवर्ती कोशात ठेवलेल्या असतात आणि स्क्रिप्टने प्रश्न विचारून त्यांतील हवी ती नोंद मागवावयाची असते. पॉवरशेल या विंडोजच्या आज्ञाभाषेत ही विचारणा एका ओळीत करता येते. उत्तरादाखल उत्पादक क्रमांक, नमुना क्रमांक व अनुक्रमांक एका साखळीत गुंफलेले मिळतात. येथे एक सावधगिरी बाळगावी लागते. एकदा येऊन गेलेल्या यंत्राचीही नोंद विंडोज जपून ठेवते. म्हणून ‘या यंत्राची नोंद आहे काय?’ एवढेच विचारून भागत नाही. ‘ते या क्षणी हजर आहे काय?’ हेही विचारावे लागते. अन्यथा, धर्मशाळा सोडून गेलेल्या यात्रेकरूला आपण खोलीत समजून बसू.

अनुक्रमांकाचीही एक गंमत आहे. काही यंत्रांना तो दिलेलाच नसतो. अशा वेळी विंडोज यंत्राला खाचेवरून स्वतःच एक खूण देते. परिणामी तेच यंत्र दुसऱ्या खाचेत बसविले, तर ते नवेच यंत्र समजले जाते. काल चालणारे यंत्र आज जागा बदलताच चालेनासे झाले, तर ते मूळच्या खाचेत लावून पाहावे, ही केंद्रचालकांची पद्धत या कारणाने योग्यच म्हणावी लागेल.

नोंदवही वारंवार उघडून पाहण्याची गरज पडू नये म्हणून दवंडीचीही सोय आहे. यंत्र जोडले किंवा काढले, की ऑपरेटिंग सिस्टिम तशी घोषणा करते आणि ती ऐकत असलेली आज्ञावली ताबडतोब कामाला लागते. लिनक्समध्ये हे काम ‘यूडेव्ह’ नावाची व्यवस्था करते. अमुक उत्पादकाचे यंत्र आले तर त्याला अमुक नाव द्यावे, अमुक गटातील कर्मचाऱ्यांनाच ते वापरू द्यावे, असे नियम तिला आगाऊ लिहून देता येतात. नोंद वाचण्याची मुभा सर्वांना असली, तरी यंत्र प्रत्यक्ष वापरण्याची परवानगी निराळी असते, हा भेद येथे ध्यानात ठेवण्याजोगा आहे. नोंदवही चाळता येते म्हणून पाहुण्याचे सामान उघडता येत नाही.

नाव सांगणे आणि ओळख पटणे

आतापर्यंतच्या विवेचनावरून एक शंका चाणाक्ष वाचकांच्या मनात आली असेल. यंत्र आपले नाव स्वतःच सांगत असेल, तर ते खोटेही सांगू शकेल. ही शंका रास्त आहे. दिसायला पेन ड्राइव्ह, परंतु ‘मी कळफलक आहे’ असे सांगून संगणकाला आज्ञा टंकित करून देणारे यंत्र बनविता येते, हे २०१४ मध्ये जर्मनीतील संशोधकांनी जाहीरपणे सिद्ध करून दाखविले. रस्त्यात सापडलेला किंवा अनोळखी माणसाने दिलेला पेन ड्राइव्ह कचेरीच्या वा शाळेच्या संगणकाला लावू नये, असे सांगतात ते यासाठी.

अंगठ्याच्या बाबतीत तर खोट्या ओळखीचा धोका अधिकच गंभीर ठरतो. पूर्वी एकदा घेतलेला ठसा साठवून ठेवून तोच पुन्हा पाठविण्याची शक्यता उरली, तर माणूस समोर नसतानाही त्याच्या नावावर व्यवहार होऊ शकेल. याला आळा घालण्यासाठी आधारची व्यवस्था पाहणाऱ्या भारतीय विशिष्ट ओळख प्राधिकरणाने २०१७ मध्ये ‘नोंदणीकृत यंत्रां’ची पद्धत आणली. या पद्धतीत प्रत्येक यंत्राला स्वतःचा संकेतांक व स्वतःची गुप्त किल्ली असते. घेतलेल्या प्रत्येक ठशावर त्या किल्लीने सही केली जाते आणि ठसा सांकेतिक लिपीत बंद करूनच पुढे जातो. ज्या यंत्रांत हे काम संगणकावरील आज्ञावलीत होते ती ‘एल-०’ दर्जाची, आणि ज्यांत ते यंत्राच्या आतच सुरक्षित जागी होते ती ‘एल-१’ दर्जाची समजली जातात. धर्मशाळेच्या भाषेत सांगावयाचे, तर पाहुण्याने तोंडाने नाव सांगणे वेगळे आणि शिक्कामोर्तब झालेले ओळखपत्र दाखविणे वेगळे.

केंद्रावरील व्यवहार पुष्कळदा इंटरनेटच्या पानावरून चालतो. अशा पानातील स्क्रिप्टला संगणकाची यूएसबी नोंदवही थेट वाचू दिली जात नाही. ती मुभा दिली, तर कोणतेही परके पान आपल्या यंत्रांची झडती घेऊ लागेल. म्हणून मध्ये एक दुभाष्या नेमलेला आहे. यंत्रासोबत ‘आरडी सर्व्हिस’ नावाची आज्ञावली संगणकात बसविलेली असते. ही आज्ञावली संगणकाच्या अंतर्गत पत्त्यावर, ११,१०० ते ११,१२० या क्रमांकांच्या दारांपैकी एका दाराशी हजर असते. व्यवहाराच्या पानातील स्क्रिप्ट ही दारे एकामागून एक ठोठावते आणि ‘ठशांचे यंत्र आहे काय? तयार आहे काय?’ असे विचारते. उत्तर ‘तयार’ असे आले तरच पुढे ठसा मागितला जातो. यंत्राचा नमुना, त्याचा संकेतांक आणि त्याचे प्रमाणपत्र यांची माहितीही याच वाटेने मिळते.

दोष कोठे आहे?

व्यवहार अडला असता दोष शोधण्याच्या पाच पायऱ्या आता स्पष्ट होतात.

पहिली पायरी : नोंदवहीत यंत्र आहे काय? मुळीच नसेल, तर केबल, खाच किंवा वीजपुरवठा पाहावा. यूएसबी २.० पद्धतीची खाच यंत्राला जास्तीत जास्त ५०० मिलिअँपिअर वीज पुरविते. स्वतःचा वीजपुरवठा नसलेल्या एकाच हबवर चार-पाच यंत्रे लावली, तर ही वीज त्यांत वाटली जाते आणि एखादे यंत्र उपाशी राहते.

दुसरी पायरी : यंत्राला आपले वर्णन सांगता आले काय? विंडोजमध्ये ‘अननोन यूएसबी डिव्हाइस’ असे नाव आणि ४३ हा दोषांक दिसला, तर यंत्र जोडले गेले, पण त्याचे बोलणे नीट ऐकू आले नाही, असे पुष्कळदा समजावे. केबल बदलून व दुसरी खाच वापरून पाहणे हा प्रथमोपचार होय.

तिसरी पायरी : ड्रायव्हर आहे काय? दोषांक २८ दिसल्यास ड्रायव्हर बसविलेला नाही. २२ दिसल्यास यंत्र कोणीतरी बंद करून ठेवलेले आहे.

चौथी पायरी : आरडी सर्व्हिस काय म्हणते? ७२० हा आकडा आल्यास यंत्र तयार नाही. ७१० आल्यास ते दुसऱ्या आज्ञावलीच्या ताब्यात आहे. ७०० आल्यास ठरलेल्या वेळात ठसा मिळाला नाही.

पाचवी पायरी : ठसा जाऊन उत्तर काय आले? आधारच्या व्यवस्थेकडून ३०० हा आकडा आल्यास ठसा मूळ नोंदीशी जुळला नाही, असा त्याचा अर्थ आहे.

या पाच पायऱ्यांकडे ग्रामस्थांच्या दृष्टीने पाहिले, तर एक गोष्ट ठळकपणे नजरेत भरते. पहिल्या तीन पायऱ्यांवरील दोषांशी समोरच्या माणसाचा काडीचाही संबंध नाही. चौथ्या पायरीवरील ७०० हा आकडा सोडला, तर तेथेही नाही. आणि ७०० आल्यास अंगठा पुन्हा एकदा नीट टेकवून पाहावा, एवढेच करावयाचे असते. केवळ पाचव्या पायरीवर ‘अंगठा जुळला नाही’ असे म्हणता येते. ऊसतोडणी, बांधकाम, दगडकाम यांसारख्या कष्टाच्या कामांनी आणि वयोमानाने बोटांवरील रेषा झिजतात, ही गोष्ट खरीच आहे. त्यात त्या माणसाचा दोष नाही. परंतु यंत्राची केबल सैल असताना शेतमजुराच्या झिजलेल्या बोटांना बोल लावणे हे अन्यायाचे होईल. चुकीच्या निदानाचे दुष्परिणामही दूरवर जातात. माणूस आधार केंद्रावर ठसे नवे करून घेण्यासाठी तालुक्याला खेपा घालतो, मजुरी बुडवितो, आणि दोष मात्र गावातील एका केबलमध्ये तसाच राहतो.

यंत्र अडले तरी हक्क अडू नये

ठसा खरोखरीच जुळला नाही, तरी काम तेथे संपत नाही. दुसरे बोट वापरून पाहावे. ज्या व्यवहारांत सोय असेल तेथे डोळ्यांच्या बुबुळांवरून, मोबाईलवर आलेल्या संकेतांकावरून किंवा चेहऱ्यावरून ओळख पटविता येते. जीवन प्रमाणासाठी चेहऱ्यावरून ओळख पटविण्याची सोय नोव्हेंबर २०२१ मध्ये सुरू झाली. धान्य दुकाने व अन्य कल्याणकारी योजना यांतील अपवादात्मक परिस्थिती कशी हाताळावी, यासंबंधी प्राधिकरणाने २४ ऑक्टोबर २०१७ रोजी परिपत्रक काढले आहे. ठसे अथवा संकेतांक या दोन्ही मार्गांनी ओळख पटविणे शक्य नसेल, तर आधारपत्र पाहून लाभ द्यावा आणि त्याची नोंद अपवाद नोंदवहीत करावी, असा त्याचा आशय आहे. पुढे २६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आधारविषयक निकाल दिला. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी हे त्यातील अर्जदार होते. ओळख पटविण्यात अपयश आले एवढ्या कारणावरून पात्र व्यक्तीस लाभ नाकारला जाऊ नये, असे न्यायालयाने त्यात स्पष्ट केले आहे.

अपवाद नोंदवहीत ‘अंगठा उठत नाही’ असा मोघम शेरा लिहिण्याऐवजी पडद्यावरील आकडा लिहिला, तर नोंदीचे मोल कितीतरी वाढेल. एखाद्या केंद्रावर महिनाभर ७२० हाच आकडा दिसत असेल, तर तेथे नवे यंत्र किंवा नवी केबल हवी. एखाद्या व्यक्तीच्या नावापुढे वारंवार ३०० येत असेल, तर तिचे ठसे नवे करून घ्यावयास हवेत. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याला हा भेद नोंदवहीवरून नजर फिरविताच कळेल.

प्रत्येकाच्या हाती काय आहे?

केंद्रचालकांनी सकाळी काम सुरू करण्यापूर्वी यंत्राची हजेरी घ्यावी. त्यासाठी वर वर्णन केलेली लहानशी स्क्रिप्ट पुरेशी आहे. रांग लागल्यावर दोष सापडण्यापेक्षा रांग लागण्यापूर्वी तो सापडणे सर्वांच्याच सोयीचे असते. वापरावयाच्या यंत्राचा उत्पादक क्रमांक, नमुना क्रमांक व अनुक्रमांक कागदावर लिहून ठेवावे. यंत्र दुरुस्तीस पाठविल्यावर तेच परत आले की नाही, हेही त्यावरून पडताळता येते.

शिक्षकांना यात अध्यापनाचे एक सुंदर साधन लाभले आहे. शाळेच्या संगणक कक्षात लिनक्स असेल, तर विद्यार्थ्यांना हे कप्पे उघडून दाखवावेत, माऊस काढून पुन्हा लावावयास सांगावे आणि नोंद कशी नाहीशी होते व पुन्हा उमटते ते त्यांच्या डोळ्यांनी पाहू द्यावे. मराठी माध्यमाच्या व कन्नड माध्यमाच्या मुलांनी मिळून हजेरीची एक स्क्रिप्ट लिहिली आणि तिची उत्तरे दोन्ही भाषांत छापली, तर ती गावातील सेवा केंद्राच्याही उपयोगी पडेल.

ग्रामस्थ बंधुभगिनींनी इंग्रजी शिकल्याशिवाय यात काही करता येणार नाही, असे समजू नये. संदेशाची भाषा कोणतीही असो, आकडा मराठी, कन्नड, उर्दू आणि इंग्रजी या सर्व भाषांत एकच असतो. व्यवहार अडल्यास शांतपणे एवढेच विचारावे, “पडद्यावर आकडा कोणता आला?” ३०० असेल तर दुसरे बोट किंवा दुसरा मार्ग मागावा. ७२० असेल तर प्रथम यंत्र तपासण्याची विनंती करावी. कोणताही आकडा न सांगता परत पाठविले जात असेल, तर अपवाद नोंदवहीत नोंद करण्याचा आग्रह धरावा आणि नाडकचेरीत किंवा तहसील कार्यालयात तक्रार देताना तो दिवस व ती वेळ न विसरता लिहावी.